वर्गातला कॅमेरा कशावर रोखायचा? एका जिल्हा परिषद शाळेचे प्रकरण

(शाळा, गाव आणि व्यक्ती ओळखू येणार नाहीत इतपत तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातली पहिली ते सातवीची जिल्हा परिषद शाळा. पट ९६, शिक्षक चार. सहावी आणि सातवीची मिळून २८ मुले विज्ञानाच्या तासाला एकाच खोलीत बसतात. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाल्यावर लोकवर्गणीतून शाळा ‘डिजिटल’ करण्याची जी लाट आली, तिच्यात या शाळेलाही ४३ इंची टीव्ही आणि एक लॅपटॉप मिळाला. खोलीला गडद पडदे लागले. पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करायचा, दीक्षा ॲपवरचा व्हिडिओ टीव्हीवर लावायचा, मुलांनी पाहायचा, शेवटी चार प्रश्न विचारायचे, असा क्रम बसून गेला होता.

शाळेतला पडदा महाराष्ट्राला नवा नाही. मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी पुण्याची ‘बालचित्रवाणी’ ही संस्था १९८४ साली सुरू झाली आणि तिचे कार्यक्रम दूरदर्शनवरून घराघरांत पोहोचले. तेव्हा चित्रण करणे ही स्टुडिओचीच गोष्ट होती, शाळेकडे फक्त पाहण्याचे काम होते. आता प्रत्येक शिक्षकाच्या खिशात कॅमेरा आहे, तरीही वर्गात तो बहुतेक वेळा अहवालासाठी फोटो काढायलाच बाहेर येतो. या प्रकरणाची सुरुवात तिथूनच होते.

अडचण

बीजांकुरणाचा पाठ झाला होता. त्यावरचा व्हिडिओ मुलांनी दोन वेळा पाहिला होता आणि चाचणीत जवळजवळ सगळ्यांनी आकृती बरोबर काढली होती. त्याच आठवड्यात शालेय पोषण आहारात मटकीची उसळ होती. विज्ञानाच्या बाईंनी मोड आलेली मूठभर मटकी वर्गात आणली आणि विचारले, “यातलं मूळ दाखवा.” बहुतेक मुलांनी मूळ अजून आलेच नाही असे सांगितले. बाहेर आलेली पांढरी शेपटी म्हणजे वर जाणारा कोंब, अशी त्यांची पक्की समजूत होती. ती शेपटी हेच पहिले मूळ आहे आणि कोंब अजून दोन डाळींच्या मध्ये दडलेला आहे, हे पटवायला बाईंना एकेक मटकी सोलून दाखवावी लागली.

व्हिडिओत काही चूक नव्हती. पण तिथले बी कुठलेतरी होते, त्याचा वेग कोणीतरी ठरवला होता आणि बाणांसह नावे आधीच लिहिलेली होती. मुलांना शोधायला काही उरले नव्हते. स्वतः पेरलेल्या बियांत मात्र बदल इतका सावकाश होतो की विज्ञानाच्या दोन तासिकांच्या मधल्या घडामोडी दिसत नाहीत, आणि महत्त्वाच्या गोष्टी रात्री किंवा रविवारी घडून जातात. ठरावीक अंतराने फोटो घेऊन ते सलग दाखवायचे, म्हणजे टाइमलॅप्स करायचा, हा विचार यातून आला. शिवाय मटकीसारखी लहान वस्तू २८ मुलांना एकाच वेळी मोठी करून दाखवण्याची सोयही हवी होती.

पर्याय

पहिला पर्याय होता व्हिज्युअलायझर विकत घेण्याचा, म्हणजे टेबलावरची वस्तू थेट पडद्यावर दाखवणारा तयार कॅमेरा. ३१ ते १०० पटाच्या शाळेला ‘समग्र शिक्षा’ या सरकारी योजनेतून २५,००० रुपये संयुक्त अनुदान मिळते, पण त्यातच वीजबिल, दुरुस्ती, स्वच्छता आणि स्टेशनरी भागवायची असते. बऱ्यापैकी यंत्र घेतले असते तर त्यातला मोठा हिस्सा एका वस्तूत गेला असता. हा पर्याय मुख्याध्यापकांनी लगेच बाजूला ठेवला, आणि तो निर्णय योग्यच होता.

मुलांना घरून फोन आणायला सांगावे, असे दुसऱ्या एका शिक्षकांनी सुचवले. पण घरात एकच फोन असतो आणि दिवसा तो आईवडिलांबरोबर कामावर जातो. ज्याच्या घरी चांगला फोन तो गटाचा नायक, हेही आपोआप झाले असते.

तिसरा पर्याय बाईंच्या रोजच्या फोनचा. सात दिवस तो एका जागी अडकवून ठेवणे शक्य नव्हते, शिवाय त्यावर काढलेला प्रत्येक फोटो त्यांच्या खासगी खात्यात आपोआप चढत होता. तेव्हा या दुसऱ्या मुद्द्याकडे फारसे लक्ष गेले नाही. पुढे तोच महत्त्वाचा ठरला.

शेवटी एका शिक्षकांच्या घरी पडून असलेला, कोपऱ्याला तडा गेलेला जुना अँड्रॉइड फोन घ्यायचे ठरले. सिमकार्ड नाही, खाते नाही. स्टँड म्हणून प्रयोगशाळेच्या पेटीतला रिटॉर्ट स्टँड (उभी लोखंडी दांडी) आणि क्लँप (पकडून ठेवणारा चिमटा).

प्रत्यक्ष मांडणी

टीव्हीला जोडण्यातच पहिला अडथळा आला. फोनच्या टाइप-सी तोंडातून एचडीएमआयकडे जाणारी केबल आणली, पण पडद्यावर काहीच उमटेना. केबल चांगली होती. फोनच्या त्या तोंडातून चित्र बाहेर देण्याची सोयच नव्हती, आणि स्वस्त फोनमध्ये ती बहुधा नसतेच. केबल घेण्यापूर्वी फोनच्या माहितीपत्रकात ‘डिस्प्लेपोर्ट’चा उल्लेख आहे का हे पाहायला हवे होते. वायफायवरून स्क्रीन मिररिंग जमले, पण हात हलला की चित्र मागाहून हलायचे. सुईने मटकीचे टरफल काढून दाखवताना एवढा उशीरही चालत नाही. अखेर फोन साध्या यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडला, फोनमध्ये यूएसबी डीबगिंग (लॅपटॉपला केबलवरून फोन हाताळू देणारी सेटिंग) चालू केले, फोनचा पडदा लॅपटॉपवर दाखवणारी मोफत प्रणाली टाकली आणि लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडला. याला इंटरनेट लागत नाही आणि उशीर जाणवत नाही.

फोन टेबलापासून साधारण ३० सेंटीमीटर उंचीवर, कॅमेरा सरळ खाली. चौकटीत फक्त टेबल आणि हात येतात. सुरुवातीला ही रचना निव्वळ सोयीसाठी होती.

टाइमलॅप्ससाठी चार काचेचे ग्लास घेतले: घेवडा, मूग, हरभरा आणि वाटाणा. बी रात्रभर भिजवून काच आणि ओल्या टिपकागदाच्या मध्ये सरकवायचे, म्हणजे मूळ काचेला लागून वाढते आणि दिसते. पहिला प्रयत्न तीन कारणांनी फसला.

फोटोंचे अंतर एक मिनिट ठेवले होते. म्हणजे दिवसाला १,४४० फोटो. प्रत्येकी सुमारे ३ एमबी धरले तरी चार जीबीच्या वर. फोनची जागा पहिल्याच मध्यरात्री संपली. पांढऱ्या टिपकागदावर पांढरे मूळ उठून दिसत नव्हते, हे दुसरे कारण. आणि खिडकीच्या उजेडावर विसंबल्यामुळे, ढग आला की कॅमेरा आपोआप प्रकाश वाढवायचा, ऊन आले की कमी करायचा. जे थोडे फोटो मिळाले ते सलग लावल्यावर चित्र एकसारखे लुकलुकत होते.

दुसऱ्या प्रयत्नात अंतर दहा मिनिटांवर नेले आणि फोटोचा आकार १९२० बाय १०८० केला, म्हणजे एक फोटो अर्ध्या एमबीच्या आसपास. दिवसाला १४४, सात दिवसांत १,००८ फोटो. सगळे मिळून साधारण ५०० एमबी. ओपन कॅमेरा या मोफत ॲपमध्ये ठरावीक अंतराने फोटो घेण्याची आणि प्रकाश व फोकस पक्का करून ठेवण्याची सोय आहे, तेच वापरले. टिपकागदापुढे काळा कार्डपेपर घातला, त्यामुळे मुळावरचे केसही दिसू लागले. ग्लास आणि फोन यांच्याभोवती मोठे खोके ठेवून आत ५ वॅटचा एलईडी बल्ब चोवीस तास चालू ठेवला, समोरून नाही तर बाजूने, कारण समोरून उजेड दिला की काचेत फोनचेच प्रतिबिंब पडते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो आणि फोटोत आडवे पट्टे येतात. फोनमध्ये शटरचा वेग हाताने ठरवता येत असेल तर तो १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावा, पट्टे जातात.

पाणी ग्लासच्या तळाशी एक चमचाभरच. कागद ते शोषून वर नेतो. पहिल्या खेपेला बी अर्धे बुडाले होते, काच आतून धुरकटली आणि पावसाळी हवेत तिसऱ्या दिवशी बुरशी आली.

फोनचे कव्हर काढले, पडद्याचा उजेड सर्वात कमी केला, एअरप्लेन मोड लावला आणि चार्जर इन्व्हर्टरवरच्या सॉकेटला जोडला. बल्ब मात्र साध्या सॉकेटवरच राहिला. त्यामुळे पाचव्या रात्री वीज गेली तेव्हा फोन चालू राहिला पण १८ फोटो काळे आले. ते कापून टाकायचे की ठेवायचे, यावर वर्गात चर्चा झाली आणि ठेवायचे ठरले. काळा भाग तीन तासांचा आहे हे मुलांनी फोटो मोजून काढले.

चौकटीत १५ सेंटीमीटरची पट्टी उभी ठेवली होती. ती ग्लासच्या मागे न ठेवता बी ज्या काचेला लागून आहे तिलाच बाहेरून चिकटवावी लागते. पट्टी कॅमेऱ्यापासून बियांपेक्षा दूर असेल तर सगळी मोजमापे चुकतात.

वर्गात वापर

सेकंदाला १२ फोटो या वेगाने लावले की एका सेकंदात दोन तास सरतात आणि सात दिवस ८४ सेकंदांत दिसतात. एवढीशी ती फिल्म, पण तिच्यावर चार तासिका गेल्या. या प्रकरणातला सगळ्यात मोलाचा भाग हाच आहे.

पहिल्यांदा आवाज, सूचना काहीच नाही, फक्त पाहणे. दुसऱ्यांदा बाई मध्येच थांबवायच्या आणि विचारायच्या, “पुढच्या दहा सेकंदांत काय होईल? बोलू नका, वहीत काढा.” सगळ्यांचे काढून झाल्यावरच फिल्म पुढे. तिसऱ्या दिवशी तळातले पाणी ओतून एक ग्लास मुद्दाम आडवा केला होता, ती जागा आली तेव्हा निम्म्या वर्गाने मूळ आडवेच पुढे जाताना काढले. पडद्यावर ते वळून खाली गेले तेव्हा वर्गात जो गलका झाला, तो तयार व्हिडिओ पाहताना कधी झाला नव्हता.

घेवडा आणि मूग बाक काढून दोन्ही डाळी वर उचलतात, हरभरा आणि वाटाणा डाळी खालीच ठेवून फक्त कोंब वर पाठवतात. हा फरक मुलांनीच काढला. सगळे कोंब बल्बच्या बाजूला झुकले होते. मांडणीतला हा दोष बाईंनी लपवला नाही, उलट पुढच्या आठवड्याचा प्रयोग त्यावरच बेतला आणि बल्ब दुसऱ्या बाजूला लावला. मुळाचे केस अगदी टोकाला नसून थोडे मागून सुरू होतात, हे एका सहावीतल्या मुलीने चौकट थांबवून दाखवले.

कॅमेऱ्याचे काम कोण करणार हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहिला, कारण फोन आपोआप तीन मुलांच्या हातात राहू लागला. सात-सात मुलांचे चार गट करून कॅमेरा, पाणी, नोंद आणि मोजमाप अशी कामे भिंतीवरच्या तक्त्याप्रमाणे आठवड्याला फिरती ठेवल्यावर मुलींच्या हातीही फोन आला.

व्हिडिओ बाहेर गेला

उपक्रमाचे कौतुक झाले. केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या समूहाच्या) व्हॉट्सॲप गटावर फोटो पाठवा, असा निरोप आला. एका सहशिक्षकांनी स्वतःच्या फोनवर चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला: मुले आपले नाव, इयत्ता सांगून ग्लास दाखवत आहेत, मागे शाळेच्या नावाची पाटी. तो गटावर गेला, तिथून कुणाच्या स्टेटसला, आणि दोन दिवसांत गावाच्या नावाने चालणाऱ्या एका फेसबुक पानावर.

तिसऱ्या दिवशी एका मुलीची आई शाळेत आली. सासरच्या त्रासामुळे ती मुलीला घेऊन माहेरी राहत होती आणि मुलगी कुठल्या शाळेत आहे हे तिकडे कळू नये, यासाठीच दाखला हलवला होता. “बाई, पोरीचं नाव, शाळंचं नाव, सगळंच आलंय त्यात,” एवढेच ती म्हणाली.

मुख्याध्यापकांपुढे दोन वाटा होत्या. हेतू चांगला होता असे सांगून समजूत घालायची, किंवा झालेली चूक मान्य करून लगेच कामाला लागायचे. त्यांनी दुसरी धरली. त्याच दिवशी फेसबुक पान चालवणाऱ्याला भेटून व्हिडिओ काढायला लावला. केंद्राच्या गटावरून तो ‘सर्वांसाठी डिलीट’ करायला गेले तर मुदत उलटून गेली होती. ही सोय साधारण अडीच दिवसच असते, आणि ज्यांनी तो आधीच पुढे पाठवला त्यांच्याकडची प्रत तरीही राहते. मग गटावर कारण न सांगता, कुणाचेही नाव न घेता, ‘व्हिडिओ कृपया फोनमधून काढावा, पुढे पाठवू नये’ एवढाच निरोप टाकला. कारण लिहिले असते तर त्या मुलीकडे आणखी लक्ष वेधले गेले असते. मुलीला सोडताना-नेताना कोण येणार, कुणाच्या ताब्यात द्यायचे, हे आईकडून लेखी घेतले.

संमतीचा निर्णय

शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. समितीची बैठक बोलावली. प्रवेशाच्या अर्जावरच ‘फोटो वापरण्यास हरकत नाही’ अशी एक ओळ घालून मोकळे व्हावे, असे एक मत आले. ते नाकारले गेले, कारण कशासाठी आणि कुठे हे न सांगता घेतलेली सही म्हणजे संमती नव्हे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती धरून चालतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

एका पानाचा अर्ज मराठीत केला. त्यात तीन वेगळे प्रश्न: मुलाच्या कामाचे आणि हातांचे चित्रण वर्गात वापरावे का, चेहरा दिसणारे चित्रण पालकसभेत दाखवावे का, शाळेबाहेर पाठवावे का. उत्तर कोरे असेल तर ते ‘नाही’ धरायचे. संमती केव्हाही मागे घेता येईल, हेही लिहिले. वाचता न येणाऱ्या पालकांना बाईंनी तो वाचून दाखवला.

मग खरा अवघड प्रश्न आला. काहींनी ‘नाही’ लिहिले तर त्यांना फोटोच्या वेळी बाजूला उभे करायचे का? तसे केले असते तर कोण बाजूला उभे आहे हे सगळ्या गावाला दिसले असते, आणि ज्या मुलीला जपायचे तीच वेगळी पडली असती. म्हणून सर्वांसाठी एकच नियम केला: शाळेबाहेर जाणाऱ्या कोणत्याही चित्रणात कुणाचाच चेहरा नाही, नाव नाही, गणवेशावरचा बिल्ला नाही, पाटी नाही. वरून खाली पाहणारा कॅमेरा ठेवला होता सोयीसाठी. आता तोच नियमाचा आधार झाला. सहशिक्षकांना स्वतःच्या फोनवर वर्गात चित्रण करण्यास मनाई झाली.

केंद्रप्रमुखांनी अहवालात मुलांचे चेहरे हवेत असे कळवले. शाळेने हातांचे, ग्लासांचे आणि वहीतल्या आकृत्यांचे फोटो पाठवून समितीच्या ठरावाची प्रत जोडली. तो अहवाल स्वीकारला गेला.

निष्पत्ती

दोन महिन्यांनी पुन्हा मोड आलेली मटकी वाटली, तेव्हा मूळ दाखवताना चुकलेली मुले मोजकीच होती. आकृत्या मात्र आता एकसारख्या राहिल्या नाहीत. कुणाच्या घेवड्याला बाक होता, कुणाचे मूळ डावीकडे वळलेले, एकाने तर बुरशीही काढली होती. पुस्तकातली आकृती परीक्षेत लागतेच, म्हणून बाईंनी दोन्ही शेजारी काढायला लावल्या आणि फरक लिहायला सांगितला.

व्हिडिओ किती जणांच्या फोनमध्ये राहिला असेल याचा हिशेब लागू शकत नाही. मुलगी शाळेत टिकली, पण आईने पुढचे कित्येक आठवडे तिला स्वतः आणून सोडले. शाळेच्या चुकीचा भार त्या माउलीवर पडला, हे या प्रकरणात झाकून ठेवण्यासारखे नाही.

वेगळे काय करता आले असते

संमतीचा अर्ज आणि बिनचेहऱ्याचा नियम पहिला फोटो काढण्याआधी हवा होता. त्यासाठी कायद्याचा अभ्यास लागत नव्हता. दाखला कशामुळे हलवला हे शाळेला ठाऊक होते, पण ती माहिती मुख्याध्यापकांच्या टेबलापाशीच राहिली. ‘या वर्गात चित्रण करू नये’ एवढी सूचना कारण न सांगताही सर्व शिक्षकांना देता आली असती.

तांत्रिक बाजूने, सात दिवसांचा प्रयोग लावण्याआधी दोन तासांची चाचणी घ्यावी. जागा, उजेड, प्रतिबिंब, फोन तापणे, सगळे दोष तेवढ्यात कळतात. बल्बही इन्व्हर्टरवर घ्यावा किंवा पॉवर बँकेवर चालणारा यूएसबी दिवा ठेवावा. सतत चार्जिंगला असलेल्या जुन्या फोनची बॅटरी फुगू शकते. रोज सकाळी फोनची पाठ बोटाने चाचपावी, जराही उचललेली वाटली तर तो फोन बंद करून बाजूला ठेवावा, मुलांच्या हाती देऊ नये.

आता दर शनिवारी फोटो लॅपटॉपवर हलवून फोन मोकळा केला जातो, आणि वार्षिक परीक्षेनंतर चेहरे असलेली कोणतीही फाइल उरली नाही याची नोंद मुख्याध्यापक सही करून वहीत ठेवतात. जुना फोन दुसऱ्या शाळेला द्यायचा झाल्यास त्याआधी फॅक्टरी रीसेट करून मेमरी कार्ड काढून घ्यायचे, हेही त्याच वहीत लिहिलेले आहे.